ठरलेला दोष

धर्मापुरीला केदारेश्वराच्या देवळामागे ट्रायपॉड लावून मी तासभर बसलो होतो. शेळ्या घेऊन चाललेले एक म्हातारे गृहस्थ थांबले. म्हणाले, "कव्हाचं बघायलो, फोटू काय काढीनात तुम्ही." म्हटलं, "मामा, ऊन फिरायची वाट बघतोय." त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. "मंग चार वाजू द्या. ह्या बाया चारनंतर दिसतेत." आणि शेळ्यांमागे निघून गेले.

ह्या बाया म्हणजे देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी. बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई-परळीच्या टापूतलं हे गाव आज साधंसुधं आहे. पण कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं हे देऊळ पाहिलं, गावच्या किल्ल्याच्या तटात बसवलेले जुन्या देवळांचे कोरीव दगड पाहिले, की इथे एकेकाळी किती हात दगडावर राबत असतील याचा अंदाज येतो. दगड काळसर. समोरून उजेड पडला की कमरेचा बाक, मनगटातली कंकणं, केसांची गुंफण, सगळं भिंतीत विरून जातं. ऊन तिरकं झालं की बोटभर उठावाचीही सावली पडते आणि बाई भिंतीतून बाहेर येते. मामांना हे कुणी शिकवलं नव्हतं. जन्मभर त्या भिंतीशेजारून जाणाऱ्याला ते माहीत असणारच.

माझ्या कॅमेऱ्याला मात्र त्या दुपारी एकच गोष्ट सांगायची होती: लेन्स लावलेली नाही.

लेन्स लावलेली होती. ५८ मिलिमीटरची हेलिओस ४४-२, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातली, मुंबईत फोर्टातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातून काही हजारांत घेतलेली. तिचं मूळ युद्धापूर्वीच्या झाइसच्या बायोटार या रचनेत आहे. धातूची, वजनदार, दोन कड्यांनी ॲपर्चर लावायची. तिच्यात एकही तार नाही, चिप नाही. म्हणून नव्या कॅमेऱ्याच्या लेखी ती नाहीच. मेन्यूत चार पायऱ्या खाली उतरून 'लेन्सशिवाय शटर चालू ठेवा' असा पर्याय निवडला, तेव्हा कुठे फोटो निघाला. समोर असलेली वस्तू आपल्या भाषेत बोलत नाही म्हणून ती नाहीच असं धरून चालणारं यंत्र! त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक कॅमेरा आहे, जो मला हवा तसा कुणी केलेला नाही: जुन्या, हाताने फिरवायच्या लेन्ससाठीच आखलेला डिजिटल कॅमेरा.

हा केवळ जुन्याचा सोस नाही, हे आधी सांगून टाकतो. जुनं दिसावं म्हणून अंगावर चामडं आणि पितळी चकत्या लावलेले कॅमेरे बाजारात भरपूर आहेत. मला हवं आहे ते वेगळं, आणि त्यामागचं कारण धर्मापुरीच्या भिंतीवर आहे.

आधी गणित. प्रत्येक लेन्स सेन्सरपासून एका ठरावीक अंतरावरच नीट काम करते. हेलिओससारख्या ४२ मिलिमीटर आट्याच्या लेन्सना, ज्यांना एम-४२ म्हणतात, ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं. जुन्या निकॉनला ४६.५, लायका एमला २७.८. आरशाच्या कॅमेऱ्यात मध्ये आरसा असल्याने ही जागा आधीच व्यापलेली असायची. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्याला हेलिओस लावली तर एक मिलिमीटरभर फरकाने दूरचं काही स्पष्ट होत नसे. आरसा गेला आणि सोनीच्या नव्या माउंटचं अंतर १८ मिलिमीटर झालं, निकॉन झेडचं १६. मग मधली जागा भरायला साधी पोकळ नळी पुरते. २०१३ साली सोनीचा ए-७ आला, ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाचा पूर्ण सेन्सर घेऊन, आणि जगभरच्या कपाटांतल्या, पेट्यांतल्या, आजोबांच्या ट्रंकांतल्या लेन्स एकदम जिवंत झाल्या. पण हे अपघाताने झालं. कुणी त्या लेन्सचा विचार करून कॅमेरा आखला नव्हता. दार उघडं राहिलं आणि त्या आत शिरल्या, एवढंच.

विचार करून केलेले प्रयत्न मोजकेच. २००४ साली एप्सनने आर-डी-१ काढला. ६ मेगापिक्सेलचा तो कॅमेरा लायकाच्या लेन्स घेई, आणि प्रत्येक फोटोआधी त्याचा खटका अंगठ्याने ओढावा लागे. आत फिल्म नव्हती, तरी शटर हातानेच सज्ज करायचं. २००६ मध्ये लायकाने एम-८ आणला. त्यात दोन युक्त्या अशा होत्या की मला आजही त्यांचं अप्रूप वाटतं. लेन्सच्या मागच्या कडीवर सहा ठिपके, काळे किंवा पांढरे. सहा ठिपक्यांत ६४ खुणा बसतात, त्या वाचून कॅमेरा लेन्स ओळखतो. आणि ॲपर्चर किती आहे हे लेन्स सांगत नाही म्हणून कॅमेरा बाहेरचा उजेड वेगळ्या डोळ्याने मोजतो, लेन्समधून येणारा वेगळा मोजतो, आणि दोन्हींच्या फरकावरून अंदाज बांधतो. मुक्या माणसाशी बोलायची ही किती सभ्य रीत आहे! २०११ मध्ये रिकोने जीएक्सआरसाठी लायकाच्या लेन्सचा स्वतंत्र भाग काढला. सेन्सर आणि शटर त्या भागातच, तो बदलायचा आणि बाकीचा कॅमेरा तोच. २०१३ च्या निकॉन डीएफवर एक छोटी पट्टी वर उचलली की १९७७ पूर्वीच्या निकॉर लेन्सही बसत. यातले एप्सन, रिको आणि डीएफ आज बनत नाहीत. लायका बनते, पण तिची किंमत लाखांत आहे. बीडचा एखादा मुलगा दोन हजारांची लेन्स घेऊ शकेल, ती लावायला काही लाखांचा कॅमेरा कुठून आणेल?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जुनी लेन्स कशासाठी हवी? खिशातला फोन धर्मापुरीच्या सुरसुंदरीचा फोटो क्षणात काढतो, आणि तो झकास दिसतो. माझी अडचण त्या झकास दिसण्याचीच आहे. फोन एक फोटो घेत नाही. तो अनेक चौकटी घेतो, त्या एकमेकांत मिसळतो, कडा धारदार करतो, सावल्या उजळतो, आणि जिथे तपशील कमी पडला तिथे शिकवलेल्या नमुन्यांतून भर घालतो. २०२३ च्या मार्चमध्ये एकाने संगणकाच्या पडद्यावर चंद्राचं मुद्दाम पुसट केलेलं चित्र ठेवलं आणि एका मोठ्या कंपनीच्या फोनने त्याचा फोटो घेतला. फोटोत खड्डे आले, डाग आले. चित्रात ते नव्हतेच. फोन चंद्र ओळखतो आणि तपशील वाढवतो, हे कंपनीनेही मग समजावून सांगितलं. चंद्राच्या बाबतीत फारसं बिघडत नाही, चंद्र सगळ्यांना ठाऊक आहे. पण नऊशे वर्षांच्या पावसाने झिजलेल्या चेहऱ्याचं काय? धर्मापुरीत अशी शिल्पं आहेत ज्यांचं नाक राहिलेलं नाही, ओठांची रेघ दगडात बुडाली आहे. त्या फुटक्या नाकाचा फोटो फुटकाच यायला हवा. तो चेहरा किती झिजला हेच तर उद्याच्या माणसाला हवं आहे. दहा वर्षांनी कुणी तिथे उभं राहून ताडून बघेल: एवढं होतं, एवढं गेलं. यंत्राने दयाळूपणे नाक भरून दिलं, तर ती पुढची माणसं फसली.

यावर कुणी म्हणेल, जुनी लेन्स काय खरं सांगते? हेलिओसच्या कडा उघड्या ॲपर्चरला मऊ पडतात, पाठीमागची पानं भोवऱ्यासारखी गरगरतात, उजेड समोरून आला की सगळं धूसर होतं. हा खोटेपणा नाही का? आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण तो खोटेपणा ठरलेला आहे. माझी हेलिओस एफ-२ ला डाव्या कोपऱ्यात जेवढी पुसट होते, तेवढीच काल होती आणि उद्याही असेल. तिला समोर चंद्र आहे की सुरसुंदरी हे कळत नाही, त्यामुळे ती चंद्रासाठी एक आणि सुरसुंदरीसाठी दुसरं असं वागत नाही. ज्याचा दोष ठरलेला आहे त्याच्या साक्षीतून तो दोष वजा करता येतो. वाणी दर वेळी छटाकभर कमी मोजतो हे माहीत असेल तर हिशेब लागतो. जो मनाला येईल तसं मोजतो त्याच्याशी हिशेबच करता येत नाही. फोटो दाखला म्हणून वापरायचा असेल तर मला पहिला वाणी हवा.

या म्हणण्याला एक भोक आहे आणि ते मी स्वतःच दाखवतो. काही जुन्या लेन्सचे दोष बदलतात. पेंटॅक्सच्या काही सुपर-टाकुमार लेन्सच्या काचेत थोरियम घालत. ती काच वर्षांनुवर्षं हळूहळू पिवळी पडते. तिला काही दिवस उन्हात ठेवलं की पिवळेपणा बराच उतरतो, आणि उन्हाची मराठवाड्यात कमतरता नाही, गच्चीवर ठेवायची. कोकणात, मुंबईत दमट हवेने काचेवर बुरशी चढते. आमच्याकडे बुरशी कमी, धूळ जास्त, फोकसच्या आट्यांत ती कचकचते. म्हणजे दोष ठरलेला असला तरी कायमचा नाही. तो वर्षांच्या चालीने बदलतो, फोटोगणिक नाही. त्यावर उपाय आहे, आणि माझा कॅमेरा इथूनच सुरू होतो.

माझ्या कॅमेऱ्यात पहिली गोष्ट असेल लेन्सची कुंडली. नवी लेन्स हाती आली की भिंतीवर चौकटींचा कागद लावायचा, कॅमेरा समोर नीट उभा करायचा, आणि प्रत्येक ॲपर्चरला एकेक फोटो घ्यायचा. मग कोऱ्या पांढऱ्या कागदाचा. यावरून कॅमेरा स्वतः काढेल की ही लेन्स, म्हणजे जगातली सगळी हेलिओस नव्हे, ही एक, कोपऱ्यांत किती काळवंडते, रेघा किती वाकवते, रंग किती पिवळा करते. वर्षाने पुन्हा कुंडली मांडायची. दुरुस्ती मात्र तो आपणहून करणार नाही. कच्चा फोटो जसा आला तसा ठेवेल आणि कुंडली शेजारी नोंदवून ठेवेल. आज बहुतेक कॅमेरे स्वतःच्या कंपनीच्या लेन्सचे दोष गुपचूप पुसतात, आणि परक्या लेन्सचे तसेच सोडतात. मला दोन्हीसाठी एकच नियम हवा: पुसू नका, लिहून ठेवा.

ती लेन्स कोणती हे कळण्यासाठी लायकाचे सहा ठिपके पुरे. ठिपके नळीवर रंगवायचे, प्रत्येक लेन्सला आपली नळी. फोकल लांबी कळली की हादरे सावरणारी यंत्रणा नीट चालते. आज ५८ च्या जागी चुकून १३५ लिहिलेलं राहिलं तर सेन्सर नको तेवढा हलतो आणि फोटो उलट जास्त हालतो. हे मी एकदा अंबाजोगाईहून परत आल्यावर घरी बघितलं आणि अख्खी दुपार वाया गेल्याचं कळलं.

दुसरी गोष्ट डोळा लावायची जागा. हाताने फोकस करायचा तर माणसाला दिसलं पाहिजे. जुन्या कॅमेऱ्यांत मधोमध दुभंगलेलं वर्तुळ असे. खांबाची उभी कड दोन तुकड्यांत दिसे आणि फोकस बसला की तुकडे जुळत. आजचे कॅमेरे स्पष्ट भागाच्या कडा लाल-पिवळ्या रंगवतात. दगडी शिल्पावर हे फार फसवं आहे. छिन्नीचे खरखरीत घाव सगळीकडे असल्याने अर्धी भिंत लाल होते, आणि डोळा नेमका स्पष्ट आहे की कान, काही कळत नाही. फुजीने २०१३ च्या सुमारास सेन्सरवरच्या फेज ओळखणाऱ्या ठिपक्यांतून जुनं दुभंगलेलं चित्र पुन्हा उभं केलं. ती दिशा बरोबर होती. मला ते वर्तुळ मोठं हवं, आणि बोट लावेन तिथे सरकणारं हवं, कारण सुरसुंदरीचा डोळा चौकटीच्या मध्यावर क्वचितच असतो. फोकसची कडी फिरली की चित्र आपोआप मोठं व्हावं ही मागणी जुनी आहे, पण मुकी लेन्स कडी फिरल्याचं सांगत नाही. मग चित्रातली धार बदलते आहे एवढं सेन्सरने ओळखावं. ते त्याला जमतं. फक्त हा विचार करून ते काम त्याला कुणी दिलेलं नाही.

तिसरी गोष्ट, सेन्सरवरची काच पातळ हवी. हे सांगताना थोडं थांबावं लागेल, कारण इथेच नवे कॅमेरे जुन्या लेन्सना सगळ्यात जास्त दगा देतात. लायकासारख्या कॅमेऱ्यांच्या रुंद कोनाच्या जुन्या लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसत आणि कोपऱ्यांकडे उजेड खूप तिरका फेकत. फिल्मला तिरकं-सरळ सारखंच. सेन्सरच्या आधी मात्र गाळण्यांची जाड काच असते. तिरका किरण त्यात वाकतो आणि कोपरे फासल्यासारखे दिसतात. लोक लेन्सला दोष देतात. लेन्स निर्दोष असते, काच जाड असते. म्हणजे वर ज्या ठरलेल्या दोषाची बाजू मी घेतली, त्यात कॅमेराच आपला दोष मिसळतो. पातळ काचेचे तोटेही आहेत; धूळ काचेवर पडली की तिची सावली जास्त ठळक दिसते. धर्मापुरीच्या वाटेवर ती पडणारच. मी तो तोटा पत्करेन.

चौथी गोष्ट उजेडाची. उजेड मोजणारं यंत्र समोर काहीही असलं तरी त्याला मध्यम करड्याकडे नेतं. त्यामुळे काळसर दगड राखेसारखा येतो. इथे मला चलाखी नको, एक चकती हवी: दगडाचा खरा काळेपणा पहिल्या फोटोत ठरवायचा आणि मग त्या भिंतीचे सगळे फोटो त्याच मापाने घ्यायचे.

जुन्या लेन्सची बाजू मी केवळ स्वस्त म्हणून घेत नाही हे दाखवणारी एक लेन्स आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला निकॉनने ३५ मिलिमीटरची पीसी-निकॉर काढली. ती एका स्क्रूने बाजूला किंवा वर सरकते. देवळासमोर जागा कमी असते, कॅमेरा वर करावा लागतो आणि मग खांब आत कलतात. ही लेन्स सरकवली की कॅमेरा सरळ, खांब सरळ, आणि वरचं शिल्प चौकटीत. संगणकावर खांब नंतरही सरळ करता येतात, पण तेव्हा वरचा भाग ताणला जातो आणि तपशील पातळ होतो. तीच गोष्ट ५५ मिलिमीटरच्या मायक्रो-निकॉरची. सपाट पृष्ठभाग कोपऱ्यापर्यंत सपाट दाखवणारी, शिलालेखासाठी तिच्यासारखी नाही. या दोन लेन्स आणि एक हेलिओस एवढ्यावर एखाद्या गावचं देऊळ नीट नोंदवता येतं. शिल्पाच्या सर्व बाजूंचे शेकडो फोटो जोडून त्रिमितीय आकृती करायची, तर स्वयंचलित फोकसचे नवे कॅमेरे उत्तम आहेत; तिथे माझा कॅमेरा मागे पडेल. पण त्या कामातही एकच ठरलेली लेन्स, एकच ठरलेला फोकस हीच अट असते. म्हणजे फिरून तेच.

लेन्स पन्नास वर्षं टिकते आणि कॅमेरा दहा वर्षांत म्हातारा होतो, ही विषमता मला सगळ्यात जास्त डाचते. हेलिओसच्या आट्यांतलं घट्ट झालेलं ग्रीस काढून नवं घालायला एका कारागिराने अर्धा दिवस घेतला आणि ती पुढच्या पिढीसाठी तयार झाली. कॅमेऱ्याचा सेन्सर मेला तर सगळंच टाकून द्यायचं. रिकोने जे अर्ध्यावर सोडलं ते पुरं करायला हवं: सेन्सरचा भाग स्क्रूने निघणारा, बॅटरी बाजारात मिळणारी, बाकीचा सांगाडा धातूचा आणि तालुक्याच्या गावात उघडता येईल असा.

कोल्हापूरची आठवण इथे येते ती उगीच नाही. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरात स्वतः घडवला, आणि त्यावर काढलेला 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. चित्र कसं दिसायला हवं हे ज्याच्या डोळ्यात होतं, त्यानेच यंत्र आखलं. सेन्सर कोल्हापुरात किंवा लातुरात घडणार नाही हे मला कळतं. ते अब्जावधींच्या कारखान्यांचं काम आहे. पण त्याच्या भोवतीचं सगळं, माउंट, चकत्या, दुभंगलेल्या वर्तुळाचं सॉफ्टवेअर, कुंडली, हे एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या चार मुलांच्या आवाक्यात आहे, सेन्सर विकणाऱ्याने त्याची कागदपत्रं उघडी केली तर. ती उघडी करा, ही माझी मागणी आहे. नफ्याचं कारण लहान गिऱ्हाइकाला दाराबाहेर ठेवायला पुरेसं नाही.

आणि कॅमेऱ्याने प्रत्येक फोटोबरोबर तारीख, वेळ आणि सूर्य कोणत्या बाजूला होता एवढं लिहावं. हे काही अवघड नाही. गाव आणि घड्याळ माहीत असलं की निघतं. याची गरज मला उत्तरेकडच्या भिंतीने शिकवली. धर्मापुरीच्या अक्षांशावर मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेला झुकतो आणि जुलैच्या शेवटी परततो. म्हणजे उत्तरेच्या भिंतीला भर दुपारचं ऊन लागतं ते वर्षातून त्या अडीच महिन्यांतच, आणि मृग लागला की ढग येतात. हाती उरतात तीनेक आठवडे. त्या दिवसांत ऊन वरून भिंतीला घासत खाली उतरतं, आणि कपाळाच्या उंचवट्याची सावली थेट हनुवटीपर्यंत येते.

मामा म्हणाले तसं चारनंतर मागच्या भिंतीवरच्या बाया दिसल्या. सव्वापाचपर्यंत मी अकरा फोटो घेतले. प्रत्येकाची वेळ आणि ॲपर्चर शाळेच्या वहीत लिहिलं, कारण कॅमेऱ्याच्या नोंदीत लेन्सच्या रकान्यात दोन रेघा होत्या आणि ॲपर्चरच्या रकान्यात शून्य. उत्तरेची भिंत राहिली आहे. तिच्यासाठी वहीत मे महिन्याचं पान दुमडून ठेवलं आहे.